पहिली पॅडेल रॅकेट निवडताना

पॅडेल म्हणजे काचेच्या भिंतींनी वेढलेल्या छोट्या कोर्टावर जोडीने खेळायचा, टेनिसच्या जवळचा खेळ. त्याच्या रॅकेट्स दुकानात भिंतीवर ओळीने टांगलेल्या पाहिल्या की पहिल्यांदा सगळ्या सारख्याच वाटतात. रंग निराळे, नक्षी निराळी, पण मापं जवळपास एकच. नियमानेच ती बांधून दिलेली आहेत: लांबी जास्तीत जास्त ४५.५ सेंटिमीटर, रुंदी २६ सेंटिमीटर आणि जाडी ३८ मिलिमीटर. टेनिससारख्या तारा इथे नसतात, त्यामुळे त्या किती ताणायच्या हा प्रश्नही येत नाही. मग एक रॅकेट दुसरीहून वेगळी कशामुळे होते? आत भरलेला फोम, त्यावरचा पातळ थर आणि एकूण वजन रॅकेटच्या कुठल्या भागात जास्त आहे, यांमुळे. आणि या तिन्ही गोष्टी लांबून बघून कळत नाहीत.

नव्या खेळाडूकडे मग निवडीसाठी उरतं काय? रंग, किंमत आणि एखाद्या आवडत्या खेळाडूची सही. त्यातून वारंवार असं घडतं, की आठवड्यातून एकदा खेळायला लागलेल्या माणसाच्या हाती जगातल्या अव्वल खेळाडूसाठी घडवलेली रॅकेट येते. काही आठवड्यांत कोपर ठणकायला लागतं, चेंडू नेटमध्येच जात राहतो आणि तो माणूस समजतो, आपल्याला हा खेळ जमणारा नाही. मला हे फार खटकतं. पॅडेल हा मुळात लवकर जमणारा खेळ आहे. सर्व्हिस खालून करायची, कोर्ट लहान, सोबत जोडीदार. पहिल्याच दिवशी चार-सहा फटक्यांची रॅली होऊ शकते. रॅकेटने त्यात आडकाठी करू नये, एवढीच अपेक्षा.

पहिल्या रॅकेटचं काम एकच असतं, चुकलेला फटका सांभाळून घेणं. पुढे मी आकार, वजन, फोम यांबद्दल जे सांगणार आहे ते सगळं याच एका कसोटीवर तपासून घ्या.

आधी कोर्ट समजून घेऊ

१९६९ मध्ये मेक्सिकोतल्या अकापुल्कोमध्ये एन्रिके कॉर्कुएरा यांनी घराच्या आवारात भिंतींनी वेढलेलं छोटं कोर्ट बांधलं, आणि तिथे हा खेळ सुरू झाला. १९७४ मध्ये अल्फोन्सो दे होहेनलोहे यांनी तो स्पेनमधल्या मार्बेया इथे नेला. पुढे स्पेन आणि अर्जेंटिना या दोन देशांत तो सर्वांत जास्त रुजला. आजचं कोर्ट २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं. मागच्या बाजूला काच, कडांना थोडी काच आणि बाकी जाळी. चेंडू आधी जमिनीवर टप्पा पडून मग काचेवर आदळला, तर खेळ चालूच राहतो.

हा शेवटचा नियम रॅकेटच्या निवडीपर्यंत येऊन पोचतो. टेनिसमध्ये जोरात मारलेला चेंडू समोरच्याला चुकवून मागे गेला की गुण तुमचा. पॅडेलमध्ये तोच चेंडू मागच्या काचेवर आपटून पुन्हा पुढे येतो, आणि जितका जोरात मारावा तितका जास्त पुढे येतो. नुसता जोर लावून मारलेला चेंडू म्हणजे समोरच्या जोडीला आयती संधी. नवशिक्यांच्या सामन्यात बहुतेक गुण कुणीतरी चेंडू नेटमध्ये घातला, किंवा टप्पा न पाडता थेट समोरच्या काचेवर मारला, म्हणून जातात. ज्या जोडीचा चेंडू एकदा जास्त पलीकडे जातो ती जिंकते.

कोपऱ्यातला एक नेहमीचा चेंडू घ्या. जमिनीवर टप्पा, मग मागची काच, मग बाजूची काच. तो काचेपासून किती अंतरावर बाहेर येईल याचा अंदाज नव्या खेळाडूला अजून आलेला नसतो. तो काचेला फार चिकटून उभा राहतो आणि चेंडू थेट अंगावर येतो. कोपर बरगडीला लागतं, रॅकेट मागे न्यायला जागाच उरत नाही, आणि चेंडू मधोमध न लागता खाली, मुठीच्या बाजूला लागतो. या क्षणी रॅकेट कसली आहे यावर गुण राहतो किंवा जातो. मऊ फोमची गोल रॅकेट असेल तर चेंडू थोडा मरगळलेला का होईना, वर उठतो, नेट ओलांडतो आणि लॉब, म्हणजे समोरच्यांच्या डोक्यावरून उंच टाकलेला फटका, म्हणून खपून जातो. कडक, वरच्या बाजूला जड असलेली रॅकेट असेल तर हाताला झटका बसतो आणि चेंडू सर्व्हिस लाइनच्या आसपासच पडतो. खेळाडूचा फटका दोन्ही वेळा तोच होता.

आकार

रॅकेटच्या डोक्याचे तीन आकार चालतात: गोल, थेंबासारखा आणि हिऱ्यासारखा. हा फरक दिसण्यापुरता नसतो. प्रत्येक रॅकेटच्या पृष्ठभागावर एक भाग असा असतो, जिथे चेंडू लागला की तो छान सुटतो आणि हाताला धक्का जवळजवळ जाणवत नाही. त्याला स्वीट स्पॉट म्हणतात. गोल रॅकेटमध्ये तो मधोमध असतो आणि तिघांत सर्वांत ऐसपैस असतो. हिऱ्याच्या आकाराच्या रॅकेटमध्ये तो वर सरकतो आणि आक्रसतो. थेंबाचा आकार दोहोंच्या मधला.

हिऱ्याचा आकार कुणासाठी असतो, तर नेटजवळ उभं राहून उंचावरचे चेंडू सफाईने स्मॅश करणाऱ्यासाठी. स्मॅश मारताना चेंडू डोक्याच्या वर, हात पूर्ण ताणलेला असताना गाठला जातो आणि रॅकेटच्या वरच्या भागावर लागतो. तिथेच स्वीट स्पॉट असेल तर फायदा होणारच. पण ज्याचे निम्म्याहून जास्त चेंडू मागच्या काचेजवळ, गुडघ्याच्या उंचीवर आणि घाईत खेळले जातात, त्याला वर असलेल्या स्वीट स्पॉटचा काय उपयोग?

गोल आकार नवशिक्यांचा, थेंब मधल्यांचा आणि हिरा पोचलेल्यांचा, अशी एक उतरंड बऱ्याच लोकांच्या डोक्यात असते. ती खरी नाही. जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी एक असलेल्या अगुस्तीन तापियाच्या नावाची रॅकेट थेंबाच्या आकाराची आहे. गोल रॅकेट घेऊन वर्षानुवर्षं उत्तम खेळणारेही पुष्कळ आहेत, विशेषतः जोडीत बचावाची बाजू सांभाळणारे. गोल रॅकेट घेतली म्हणून कमीपणा मानायचं काहीच कारण नाही.

वजनापेक्षा बॅलन्स

दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो वजनाचा. मोठ्या माणसांच्या रॅकेट्स साधारण ३४० ते ३९० ग्रॅमच्या असतात आणि नव्या खेळाडूने ३५० ते ३६५ ग्रॅमच्या आसपास राहावं, हा सल्ला योग्यच आहे. पण तो अर्धाच आहे. ३६० ग्रॅमच्या दोन रॅकेट्स हातात घेतल्या तर एक हलकी वाटू शकते आणि दुसरी चांगलीच जड. हातोडी दांड्याच्या टोकाला धरली तर जड वाटते आणि लोखंडाजवळ धरली तर हलकी, वजन तेवढंच असूनही. रॅकेटचंही तसंच आहे. वजन मुठीपासून जितकं लांब, तितका मनगटावर आणि कोपरावर भार जास्त.

हे मोजता येतं. रॅकेट आडवी करून एका बोटावर तोला. जिथे ती स्थिर राहील तिथपासून मुठीच्या खालच्या टोकापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. हा झाला बॅलन्स. गोल रॅकेटमध्ये तो साधारण २५ ते २५.५ सेंटिमीटरवर येतो, थेंबात २६ च्या आसपास, आणि हिऱ्याच्या आकारात बहुधा त्याच्या पुढे. एखाद सेंटिमीटरने काय होणार, असं वाटेल. थोडं गणित करून बघू.

समजा रॅकेट ३६५ ग्रॅमची आहे आणि तुमच्या मुठीचा मध्य खालच्या टोकापासून ७ सेंटिमीटरवर आहे. बॅलन्स २५.५ वर असेल तर वजनाचा मध्य मुठीपासून १८.५ सेंटिमीटर लांब पडतो. २६.५ वर असेल तर १९.५ सेंटिमीटर. रॅकेट आडवी धरली की मनगटावर पडणारा पीळ म्हणजे वजन गुणिले हे अंतर. दुसऱ्या रॅकेटचा पीळ पहिलीपेक्षा सुमारे ५ टक्क्यांहून थोडा जास्त निघतो. तेवढाच पीळ पहिल्या रॅकेटने द्यायचा, तर तिचं वजन ३८५ ग्रॅम करावं लागेल. म्हणजे बॅलन्स एक सेंटिमीटर वर गेला, की हाताला २० ग्रॅम वाढल्यासारखे वाटतात. रॅकेट नुसती धरली तरची ही गोष्ट. ती फिरवताना अंतराचा परिणाम वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे झटपट व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधीच घेतलेला फटका, मारताना हा फरक आणखी जाणवतो.

नेटवर उभं असताना समोरून येणाऱ्या चेंडूला उत्तर द्यायला क्षणभरच मिळतो. तेवढ्यात रॅकेट डावीकडून उजवीकडे आणता आली पाहिजे. बॅलन्स खाली असलेली रॅकेट इथे उपयोगी पडते. म्हणून मी तर म्हणेन, वजनात दहा ग्रॅम इकडे-तिकडे झाले तरी चालेल, पण पहिल्या रॅकेटचा बॅलन्स खालीच असू द्या.

फार हलकी रॅकेट घेण्याचाही मोह होतो, विशेषतः हात दुखेल या भीतीने. तिचा तोटा असा, की वेगाने आलेला चेंडू तिला मागे ढकलतो. रॅकेट हातात वळते, चेंडू भलतीकडे जातो आणि ती कमतरता भरून काढायला खेळाडू मूठ आणखी आवळतो. आवळलेल्या मुठीने हात लवकर थकतो. मोठ्या माणसाने ३४० ग्रॅमच्या खाली जाऊ नये असं मला वाटतं. लहान मुलांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी ३०० ग्रॅमच्या आसपासच्या आणि त्याहूनही हलक्या रॅकेट्स मुद्दाम बनवल्या जातात. मोठ्यांची रॅकेट ‘पुढे वाढेल तेव्हा चालेल’ म्हणून मुलाच्या हातात देऊ नका.

एक गोष्ट मुद्दाम करा. रॅकेटवर वजन बहुतेक वेळा ‘३५५ ते ३७०’ असं टप्प्यात लिहिलेलं असतं, कारण एकाच मॉडेलच्या दोन नगांत दहा-पंधरा ग्रॅमचा फरक पडू शकतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा त्यासाठी पुरेसा आहे. शक्य असेल तर दोन-तीन नग तोलून त्यातला हलका निवडा.

आतला फोम

रॅकेटच्या पोटात फोम असतो. बहुतेक रॅकेट्समध्ये तो ईव्हीए जातीचा, म्हणजे एक प्रकारच्या रबरासारख्या प्लास्टिकचा असतो, आणि मऊ, मध्यम, कडक अशा प्रकारांत मिळतो. काही रॅकेट्समध्ये पॉलिइथिलीनचा आणखी मऊ फोम असतो. तो हाताला अतिशय सुखद, पण सहसा ईव्हीएपेक्षा लवकर बसतो.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. कडक रॅकेट म्हणजे जोर जास्त, असं ऐकलेलं असतं. ते अर्धसत्य आहे. चेंडू रॅकेटवर आपटला की दोन गोष्टी दबतात, चेंडू आणि फोम. फटका हळू असेल तर कडक फोम जवळजवळ दबतच नाही. सगळं दबणं चेंडूच्या वाट्याला येतं आणि चेंडू दबताना बरीच ऊर्जा वाया घालवतो. मऊ फोम मात्र हळू फटक्यातही दबतो आणि परत उसळी देतो. त्यामुळे छोट्या, अर्धवट फटक्यातही चेंडू आपसूक लांब जातो. पूर्ण ताकदीच्या फटक्यात उलटं होतं. मऊ फोम तळापर्यंत दबून जातो, पुढे द्यायला त्याच्याकडे काही उरत नाही, आणि कडक फोम तिथे आपला जोर दाखवतो.

कडक रॅकेटचा जोर तुमच्याकडे आधी वेगवान फटका असेल तरच मिळतो. सुरुवातीच्या दिवसांत बहुतेक फटके छोटे, घाईचे आणि हळूच असतात, आणि त्यांना जोर मिळतो तो मऊ रॅकेटकडून. मऊ फोमचा दुसरा फायदा म्हणजे कंप कमी होतो. चेंडू थोडा जास्त वेळ रॅकेटवर राहतो, धक्का पसरून येतो, आणि कोपराला तेवढं सुख.

तापमानानेही फोम बदलतो. थंडीत तो कडक होतो, उन्हाळ्यात मवाळ. गारठ्यात खेळणाऱ्याने म्हणूनच आणखी मऊ बाजूला झुकावं. कडक उन्हात खेळणाऱ्याला मध्यम फोमही मऊच वाटेल.

कार्बन, फायबरग्लास आणि ते आकडे

फोमच्या दोन्ही बाजूंना पातळ थर असतो. तो फायबरग्लासचा किंवा कार्बनचा. फायबरग्लास जास्त लवचिक आणि सहसा स्वस्त. कार्बन जास्त ताठ आणि टिकाऊ. पहिल्या रॅकेटला फायबरग्लास उत्तम आहे. तो स्वस्त आहे म्हणून कमी प्रतीचा, असं इथे नाही, कारण त्याची लवचिकताच तुम्हाला हवी आहे. चौकट मात्र कार्बनची असेल तर चांगलं. सगळ्यात जास्त आपटते ती चौकटच, जमिनीवर आणि काचेवर.

कार्बनच्या रॅकेटवर ‘३के’, ‘१२के’, ‘१८के’ असे मोठे आकडे छापलेले दिसतात आणि आकडा जितका मोठा तितका माल भारी, असा समज होतो. हा आकडा फक्त एवढंच सांगतो, की विणलेल्या एका धाग्यात किती हजार तंतू आहेत. ३के म्हणजे एका धाग्यात ३ हजार तंतू, १८के म्हणजे १८ हजार. धागा जाड होतो, विणीचे चौकोन मोठे दिसतात. रॅकेट किती ताठ लागेल हे थर किती आहेत, तंतू कुठल्या जातीचे आहेत, त्यांना जोडणारं रेझिन कसलं आहे आणि आत फोम कुठला आहे, या सगळ्यांवर मिळून ठरतं. नुसत्या आकड्यासाठी एक पैसाही जास्त देऊ नका.

खडबडीत पृष्ठभागाबद्दलही तेच. वाळूसारखा लेप किंवा उठावाची नक्षी चेंडूला फिरकी द्यायला मदत करते, हे खरं. पण फिरकी हाताच्या हालचालीतून येते. ती हालचाल बसेपर्यंत हा खडबडीतपणा नुसता असतो, आणि बऱ्याच रॅकेट्सवर तो वापराने झिजूनही जातो.

रॅकेटवरच्या भोकांचा आकारही नियमात दिलेला आहे, मधल्या भागात ९ ते १३ मिलिमीटर व्यासाचा. त्यांच्या मांडणीवर कंपन्या बरंच काही लिहितात. पहिल्या रॅकेटसाठी त्यात डोकं घालू नका.

मूठ

मुठीकडे लोक शेवटी बघतात आणि दुखणं मात्र तिथूनच सुरू होतं. पॅडेलच्या रॅकेट्सना टेनिससारखी मुठीची वेगवेगळी मापं सहसा नसतात. मूळ मूठ बहुधा बारीकच असते आणि वर ओव्हरग्रिप, म्हणजे मुठीवर गुंडाळायची पातळ पट्टी, गुंडाळून ती हवी तेवढी जाड करायची असते. माप बघायची पद्धत सोपी आहे. रॅकेट नेहमीसारखी धरा. बोटांची टोकं आणि तळव्याचा फुगीर भाग यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची करंगळी किंवा तर्जनी जेमतेम बसली पाहिजे. बोटं तळव्यात रुतत असतील तर मूठ बारीक आहे, एक ओव्हरग्रिप चढवा. बारीक मूठ घट्ट आवळून धरावी लागते, आणि सतत आवळलेल्या हाताचा ताण कोपराच्या बाहेरच्या बाजूला जातो. टेनिस एल्बो म्हणतात तो तिथलाच.

ओव्हरग्रिपचा आणखी एक फायदा आहे, जो फारसा कुणी सांगत नाही. एक ओव्हरग्रिप साधारण ५ ग्रॅमची. ती मुठीवर, म्हणजे अगदी खाली चढते, त्यामुळे बॅलन्स खाली येतो. ३६० ग्रॅमच्या, २६ सेंटिमीटर बॅलन्सच्या रॅकेटला दोन ओव्हरग्रिप चढवल्या, तर बॅलन्स साधारण अर्ध्या सेंटिमीटरने खाली उतरतो. रॅकेट दहा ग्रॅमनी जड झाली, तरी फिरवायला आधीपेक्षा सोपी वाटते. याउलट डोक्याला लावायची संरक्षक पट्टी. काचेवर आपटण्यापासून ती चौकट वाचवते, पण ८ ग्रॅमची पट्टी अगदी टोकाला लागली की बॅलन्स चार मिलिमीटरने वर जातो. पट्टी जरूर लावा, पण पातळ आणि हलकी निवडा.

मनगटात अडकवायची दोरी रॅकेटसोबत येते आणि ती वापरणं नियमाने बंधनकारक आहे. चार माणसं काचेच्या खोक्यात खेळत असताना घामेजल्या हातातून सुटलेली रॅकेट कुणाच्या तोंडावर जाईल सांगता येत नाही. दोरी न घालता खेळणाऱ्याला बेधडक टोका.

आधी कुठला खेळ खेळलात?

सगळे नवखे सारखे नसतात. टेनिस खेळून आलेल्याचा फटका आधीच वेगवान असतो, चेंडू गाठण्याची वेळ त्याला कळते. त्याने थेंबाच्या आकाराची, मध्यम फोमची रॅकेट घेतली तरी चालेल. उलट फार मऊ रॅकेटवर त्याच्या वेगवान फटक्यांना पुरेसा जोर मिळणार नाही. दोन्ही हातांनी बॅकहँड मारायची सवय असेल तर लांब मुठीची रॅकेट बघावी.

बॅडमिंटन खेळून आलेल्यांनी मात्र सावध राहायला हवं. बॅडमिंटनची रॅकेट ८०-९० ग्रॅमची, पॅडेलची तिच्या चौपट. नजर आणि पाय त्यांचे तरबेज असतात, पण मनगटाच्या झटक्याने मारायची सवय हाडामासात भिनलेली असते. तोच झटका ३६० ग्रॅमच्या रॅकेटला दिला की मनगट आणि कोपर तक्रार करणारच. त्यांच्यासाठी हलकी, गोल, बॅलन्स खाली असलेली रॅकेट हाच रस्ता. स्क्वॉश खेळलेल्यांना भिंतीचा चेंडू आधीच समजतो, त्यांना कुठलीही गोल रॅकेट पटकन हाताला बसते.

ज्यांना कोपराचं किंवा खांद्याचं जुनं दुखणं आहे त्यांनी बाकी सगळं बाजूला ठेवून मऊ फोम, फायबरग्लास आणि खालचा बॅलन्स या तीन गोष्टी धरून ठेवाव्यात. दुखणं मुरलेलं असेल तर रॅकेट बदलून ते जात नाही, त्यासाठी डॉक्टरांकडे जावं. पण चुकीच्या रॅकेटने ते वाढतं, हे नक्की.

रॅकेटवर ‘महिलांसाठी’ असं लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ बहुधा एवढाच, की ती थोडी हलकी आहे. हात, ताकद आणि सवय बघून निवडा. पुरुषाला ३५० ग्रॅमची रॅकेट जास्त मानवली तर त्याने तीच घ्यावी, आणि दणकट हाताच्या बाईने ३६५ ची.

हातात घेऊन बघताना

कंपन्या आपल्या रॅकेटला जोर, ताबा, आराम असे दहापैकी गुण देतात. हे गुण प्रत्येक कंपनी आपल्या आपल्या मोजमापाने देते, त्यामुळे एका कंपनीचा आठ आणि दुसरीचा आठ यांची तुलना होत नाही. खेळून बघण्याला पर्याय नाही. बऱ्याच क्लबांमध्ये आणि दुकानांत रॅकेट तासाभरासाठी वापरायला मिळते. नाहीतर सोबत खेळणाऱ्यांकडून मागून घ्या. कुणी नाही म्हणत नाही.

खेळून बघताना स्मॅश मारून निर्णय घेऊ नका. स्मॅश कुठल्याही रॅकेटने दहातला एखादा झकास बसतो आणि तोच लक्षात राहतो. त्याऐवजी मागच्या काचेवरून आलेले चेंडू सलग खेळा आणि त्यातले किती नेटपलीकडे गेले ते बघा. मग नेटवर उभं राहून जोडीदाराला भरभर व्हॉली द्यायला सांगा आणि रॅकेट वेळेवर पोचते का ते बघा. शेवटी अर्धा तास खेळून झाल्यावर दंडाकडे लक्ष द्या. पहिल्या पाच मिनिटांत हवीहवीशी वाटणारी रॅकेट अर्ध्या तासाने जड झालेली असते, असं फार वेळा होतं.

जुनी, वापरलेली रॅकेट घेणं वाईट नाही, पण ती तपासून घ्या. भोकांच्या कडा आणि मुठीच्या वरचा, दोन फाट्यांमधला भाग उजेडात धरून बारीक चिरा बघा. बोटाच्या पेराने पृष्ठभागावर ठिकठिकाणी टकटक करा. सगळीकडे सारखा, भरीव आवाज यायला हवा. एखाद्या जागी आवाज बद्द आला किंवा आत काही खुळखुळलं, तर ती रॅकेट सोडून द्या.

नवी घेतलेली रॅकेट उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. बंद गाडीतली उष्णता फोमचा आणि रेझिनचा जीव काढते. पावसात किंवा दवात खेळलात तर भोकांमधून आत ओल जाते, म्हणून पुसून, मोकळ्या हवेत वाळवून मगच पिशवीत ठेवा. इतकं सांभाळलं तरी फोम कधीतरी थकतोच. नियमित खेळणाऱ्याच्या हातात वर्ष-दीड वर्षाने रॅकेट मेल्यासारखी वाटू लागते, चेंडू पूर्वीसारखा सुटत नाही.

तोवर तुमचा खेळही बदललेला असतो. काचेवरून आलेला चेंडू आता रॅकेटच्या मधोमध लागायला लागलेला असतो, आणि पूर्ण ताकदीने मारलेल्या फटक्यांना मऊ रॅकेटकडून पुरेसा जोर मिळेनासा होतो. हे दिसलं की पुढच्या रॅकेटचा विचार करावा, त्याआधी नाही. तेव्हाही सगळं एकदम बदलू नका. वजन तेच ठेवून मध्यम फोमची थेंबाच्या आकाराची रॅकेट खेळून बघा, किंवा गोल आकार तोच ठेवून फोम एक पायरी कडक घ्या.